घरी क्वाडकॉप्टर बांधताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरी ड्रोन, विशेषतः चार प्रोपेलरांचे क्वाडकॉप्टर, बांधण्याविषयीची आहेत. त्यांत पदविकेचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, दुरुस्तीचे दुकान चालवणारे कारागीर आहेत आणि मुलाच्या या नव्या छंदामुळे काळजीत पडलेले एक पालकही आहेत. सर्वांना स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्यामुळे, अनेकांच्या अडचणींना लागू पडतील अशी पत्रे निवडून त्यांतील प्रश्न येथे संक्षेपाने दिले आहेत. एक विनंती मात्र सर्वच उत्तरांना लागू आहे : ज्या चाचणीत प्रत्यक्ष उड्डाण करायचे नाही, त्या चाचणीच्या वेळी मोटारींवर प्रोपेलर नसावेत. दहा इंची प्रोपेलर पूर्ण वेगात असताना बोट खोलवर कापू शकतो, आणि सॉफ्टवेअरमधील एका चुकीच्या आकड्यामुळे मोटार अचानक पूर्ण वेग घेऊ शकते.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहे. प्रकल्पासाठी ४५० आकाराची फ्रेम घेण्याचे ठरवले आहे. दुकानदार १००० केव्हीच्या मोटारी सुचवतात, तर वर्गमित्र म्हणतो की २३०० केव्हीच्या घे, त्या जास्त ताकदवान असतात. शिवाय, दुप्पट क्षमतेची बॅटरी घेतली तर उड्डाणाचा वेळही दुप्पट होईल का? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : या बाबतीत दुकानदारांचे म्हणणे बरोबर आहे. केव्ही हा आकडा मोटारीची ताकद सांगत नाही. मोटारीवर काहीही भार नसताना एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेईल, एवढेच तो सांगतो. तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ११.१ व्होल्टची धरली, तर १००० केव्हीची मोटार भाराविना मिनिटाला सुमारे ११,१०० फेरे घेईल आणि २३०० केव्हीची मोटार २५,००० च्याही पुढे जाईल. एवढ्या वेगाने पाच इंची लहान प्रोपेलर फिरवता येतो, आणि शर्यतीच्या हलक्या ड्रोनमध्ये तेच अपेक्षित असते. त्याच मोटारीवर दहा इंची प्रोपेलर चढवला तर तो वेग गाठण्याच्या खटपटीत ती प्रचंड प्रवाह खेचेल, कारण प्रोपेलर फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. परिणामी आधी मोटार तापेल आणि मग ती किंवा तिचा ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळेल.

प्रोपेलरचा आकार फ्रेमच ठरवून देते. ४५० हा आकडा समोरासमोरच्या, म्हणजे कर्णावरील दोन मोटारींमधील अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो. त्याला २ च्या वर्गमुळाने भागले की शेजारच्या दोन मोटारींमधील अंतर सुमारे ३१८ मिलिमीटर येते. दहा इंची प्रोपेलरचा व्यास २५४ मिलिमीटर असतो, म्हणजे दोन प्रोपेलरांच्या टोकांमध्ये सहा सेंटिमीटरांहून अधिक जागा उरते. बारा इंची प्रोपेलर कागदावर जेमतेम बसतो, पण एखाद्या भुजेने थोडी जरी लवचीकता दाखवली तरी पाती एकमेकींना लागतील. म्हणून या फ्रेमला १०४५ हा प्रोपेलर योग्य ठरतो. त्याचा व्यास १० इंच आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदोपत्री जितका पुढे सरकेल ते अंतर, ४.५ इंच असतो. त्याच्या जोडीला २२१२ आकाराच्या, ९२० ते १००० केव्हीच्या मोटारी घ्याव्यात. २२१२ याचा अर्थ आतील स्टेटरचा (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाचा) व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२ मिलिमीटर असा आहे.

खरेदीपूर्वी वजनाचा हिशेब कागदावर मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन. फ्रेम साधारण २८० ग्रॅम, चार मोटारी मिळून २१० ग्रॅमच्या आसपास, चार ईएससी १०० ग्रॅम, २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची तीन सेलची बॅटरी १८० ग्रॅम, प्रोपेलर ४५ ग्रॅम आणि फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा तोल सांभाळणारा बोर्ड), रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग), जीपीएस, तारा व स्क्रू मिळून आणखी दीडशे ग्रॅम धरले, तर बेरीज एक किलोच्या जवळ जाते. प्रत्येक भाग हातात आल्यावर स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलून हा अंदाज ताडून पाहावा. चारही मोटारींचा एकत्रित कमाल जोर एकूण वजनाच्या किमान दुप्पट असावा, हा सर्वमान्य आडाखा आहे. त्याहून कमी जोर असेल तर वाऱ्याच्या झोतात ड्रोनला सावरायला वावच राहत नाही. वर सांगितलेली मोटार तीन सेलवर साधारण ८०० ग्रॅमपर्यंत जोर देते, म्हणजे तुमच्याकडे तिपटीहून अधिक जोर हाताशी राहील.

आता बॅटरीचा प्रश्न. एक किलोचा असा ड्रोन हवेत स्थिर राहताना सुमारे १३३ वॉट, म्हणजे १२ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. बॅटरीतील ऐंशी टक्केच ऊर्जा वापरायची असल्यामुळे २२०० एमएएचपैकी १.७६ अँपिअर-तास हिशेबात धरावे. त्यावरून जवळजवळ नऊ मिनिटे मिळतात. ५००० एमएएचची बॅटरी लावली तर वजन सुमारे २२० ग्रॅमने वाढते. तरंगत राहण्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढत असल्यामुळे, बावीस टक्के वजनवाढीला सुमारे पस्तीस टक्के अधिक शक्ती मोजावी लागते आणि प्रवाह १६ अँपिअरच्या पुढे जातो. उड्डाणाचा वेळ येतो पावणेपंधरा मिनिटे. म्हणजे बॅटरीची क्षमता सव्वादोन पट झाली, तरी वेळ पावणेदोन पटीलाही पोहोचत नाही. बॅटरी आणखी वाढवत गेल्यास हा लाभ घटत जातो. प्रकल्पाच्या अहवालात या हिशेबाचा आलेख जरूर काढावा. बाजारात मिळणारे भाग जोडून दाखवण्यापेक्षा परीक्षकांना त्यातून तुमची समज अधिक स्पष्ट दिसेल.

बॅटरीवरील सी हा आकडाही तपासावा. क्षमतेच्या किती पट प्रवाह बॅटरी देऊ शकते, हे तो सांगतो. २२०० एमएएच आणि २५ सी असेल तर कागदोपत्री कमाल प्रवाह ५५ अँपिअर येतो. चार मोटारी पूर्ण वेगात प्रत्येकी १५ अँपिअर घेऊ लागल्या तर तो अपुरा पडतो. विक्रेत्यांचे सीचे आकडे बहुधा फुगवलेले असतात, म्हणून ३५ सी किंवा त्याहून वरचीच बॅटरी घ्यावी.

प्रश्न : आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा आग्रह आहे की फ्लाइट कंट्रोलर आम्ही स्वतः बनवावा. आमच्याकडे अर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि एमपीयू-६०५० हा सेन्सर आहे. इतर गटांनी तयार बोर्ड आणले असून त्यांचे ड्रोन उडूही लागले आहेत. आम्ही काय करावे? — अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पुणे

उत्तर : प्राध्यापकांचे ऐकावे, असे माझे मत आहे, मात्र वेळापत्रक प्रामाणिकपणे आखावे. तयार बोर्डावर ड्रोन महिन्याभरात उडतो, पण तो का उडतो हे तुम्हाला शेवटपर्यंत कळेलच असे नाही. आज जगभर वापरली जाणारी मुक्त फर्मवेअर (फ्लाइट कंट्रोलरवर चालणारी सॉफ्टवेअर) अशाच घरगुती खटपटींतून उभी राहिली आहेत. अर्डुपायलटच्या नावातच अर्डुइनो आहे, आणि मल्टीवी हा प्रकल्प निन्टेन्डोच्या वी या गेम कन्सोलच्या रिमोटला जोडायच्या उपकरणातील जायरोस्कोप काढून सुरू झाला. पुढे बेसफ्लाइट, क्लीनफ्लाइट आणि बीटाफ्लाइट ही त्याचीच वंशावळ आहे.

तुमच्या सेन्सरमध्ये दोन उपकरणे आहेत. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो. त्याची बेरीज करत गेले की कोन मिळतो, परंतु प्रत्येक वेळची बारीक चूकही त्या बेरजेत साठत जाते आणि थोड्याच वेळात ड्रोन सपाट असताना तो कललेला दिसू लागतो. ॲक्सिलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवतो, त्यामुळे त्याची चूक साठत नाही, पण मोटारी सुरू झाल्या की कंपनांमुळे त्याचे आकडे अस्थिर होतात. म्हणून प्रत्येक फेरीत जायरोवरून काढलेल्या कोनाला ९८ टक्के आणि ॲक्सिलरोमीटरच्या कोनाला २ टक्के महत्त्व देऊन दोघांचा मेळ घालतात. यालाच कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात, आणि आपल्या कामाला तो पुरेसा आहे.

उनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर सेकंदाला २५० फेऱ्या, म्हणजे दर फेरीला ४ मिलिसेकंद, हे लक्ष्य ठेवावे. सेन्सरशी ४०० किलोहर्ट्झने बोलल्यास चौदा बाइट वाचायला सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे गणिताला वेळ उरतो. विद्यार्थ्यांचे गणित बहुतेकदा बिघडते ते सिरियल मॉनिटरवर (संगणकावरील संदेशांच्या खिडकीत) आकडे छापल्यामुळे. ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या, वेगाने वीस अक्षरे पाठवायला २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. पाठवायची अक्षरे ठेवणारी छोटी साठवण (बफर) भरली की प्रोग्राम तिथेच थांबून राहतो, आणि त्या थांब्यात नियंत्रणाच्या पाच फेऱ्या बुडतात. टेबलावर सर्व ठीक दिसणारा ड्रोन अशा वेळी हवेत थरथरतो. चाचणी संपली की छापण्याच्या सर्व ओळी काढून टाकाव्यात.

पीआयडीचे, म्हणजे कलण्याची चूक किती जोराने दुरुस्त करायची हे ठरवणारे पी, आय आणि डी हे तीन आकडे थेट उड्डाण करून शोधू नयेत. ड्रोनच्या मधून एक दांडी घालून ती दोन खुर्च्यांना घट्ट बांधावी, म्हणजे तो एकाच अक्षाभोवती डोलू शकेल. सुरुवातीच्या विनंतीला ही चाचणी मात्र अपवाद आहे. ती प्रोपेलर लावूनच करावी लागते, म्हणून सर्वांनी दूर उभे राहावे, डोळ्यांना चष्मा लावावा आणि मोटारी तत्काळ थांबवण्याचे बटण एका व्यक्तीच्या हाती सतत असावे. सुरुवातीला पी वगळता बाकीचे दोन्ही आकडे शून्य ठेवून पी हळूहळू वाढवावा. ड्रोन जलद थरथरू लागला की तो थोडा कमी करावा. त्यानंतर हेलकावे शमतील इतपतच डी वाढवावा. डी जास्त झाला की सेन्सरचा गोंगाट मोटारींपर्यंत पोहोचतो आणि त्या कारण नसताना तापतात, म्हणून प्रत्येक चाचणीनंतर मोटारींना हात लावून पाहावा. आय सर्वांत शेवटी आणि अगदी थोडा द्यावा. एका अक्षावर तुमचा ड्रोन स्थिर राहिला, तर तो कधीच मोकळा उडाला नाही तरी प्रकल्प यशस्वी झाला असे मी मानेन.

प्रश्न : माझ्या क्वाडकॉप्टरवर अर्डुपायलट आहे. मोटारींच्या तारा मी इंटरनेटवर मिळालेल्या आकृतीप्रमाणे जोडल्या. चारही मोटारी आकृतीत दाखवलेल्या दिशेनेच फिरतात, प्रोपेलरही बरोबर लावले आहेत. तरीही जमिनीवरून सुटताच ते नाकावर उलटते. दोन प्रोपेलर तुटले. पीआयडी बदलून पाहिले, उपयोग झाला नाही. — आयटीआयमधील एक निदेशक, अहिल्यानगर

उत्तर : पीआयडीचे आकडे पूर्ववत करावेत, दोष तिथे नाही. तुमच्या वर्णनावरून अशी दाट शंका येते की तुम्हाला मिळालेली आकृती बीटाफ्लाइटची आहे. दोन्ही फर्मवेअरमध्ये कोणत्या कोपऱ्यातील मोटार कोणत्या दिशेने फिरते हे सारखेच आहे : पुढची उजवी आणि मागची डावी घड्याळाच्या उलट, तर पुढची डावी आणि मागची उजवी घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे दिशा तपासून काहीच उमगत नाही. फरक आहे तो क्रमांकांत. अर्डुपायलटमध्ये १ म्हणजे पुढची उजवी, २ मागची डावी, ३ पुढची डावी आणि ४ मागची उजवी. बीटाफ्लाइटमध्ये मात्र १ म्हणजे मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी आणि ४ पुढची डावी.

आता उड्डाणाच्या क्षणी काय होते ते पाहू. नाक किंचित खाली गेले की अर्डुपायलट पुढच्या दोन मोटारींचा, म्हणजे १ आणि ३ यांचा वेग वाढवतो. तुमच्या जोडणीत १ आणि ३ या दोन्ही मोटारी मागे आहेत. मागची बाजू उचलली जाते आणि नाक आणखी खाली जाते. ते पाहून कंट्रोलर त्याच दोन मोटारींना अधिक वेग देतो. सेकंदाच्या एका अंशात यंत्र उलटते. कंट्रोलर आपले काम चोख करत असतो, पण त्याचा प्रत्येक उपाय चुकीच्या कोपऱ्यात पोहोचत असतो.

खात्री करण्यासाठी प्रोपेलर काढून मिशन प्लॅनर या अर्डुपायलटसाठीच्या संगणक-प्रोग्राममधील मोटार चाचणी चालवावी. तेथील ए हे बटण पुढच्या उजव्या मोटारीचे असते आणि बी, सी, डी ही बटणे तेथून घड्याळाच्या दिशेने मागची उजवी, मागची डावी आणि पुढची डावी अशी जातात. प्रत्येक वेळी योग्य कोपरा फिरतो का ते पाहावे आणि कागदाची अरुंद पट्टी मोटारीच्या कडेला हलकेच टेकवून ती कोणत्या बाजूला ओढली जाते यावरून दिशाही नोंदवावी. क्रमांक चुकला असेल तर सिग्नलच्या तारा बोर्डावर बदलाव्यात. दिशा चुकली असेल तर मोटारीच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसांत बदलाव्यात.

त्यानंतर एक चाचणी अवश्य करावी. प्रोपेलर न लावता, स्टॅबिलाइझ (ड्रोन आपोआप सपाट ठेवणाऱ्या) मोडमध्ये थ्रॉटल (मोटारींच्या वेगाची दांडी) थोडे वर ठेवून, यंत्र हातात घट्ट धरून नाक खाली झुकवावे : पुढच्या मोटारींचा आवाज चढला पाहिजे. उजवीकडे झुकवल्यावर उजव्या दोन मोटारींचा आवाज चढला पाहिजे. हा ताळा जुळला नाही तर प्रोपेलर लावू नयेत. आयटीआयमध्ये शिकवताना ही चाचणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. कारण नियंत्रण प्रणालीत दुरुस्तीची दिशा उलटी झाली की काय होते, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रयोग प्रयोगशाळेत सहज सापडणार नाही.

प्रश्न : मी टीव्ही आणि मिक्सर दुरुस्तीचे दुकान चालवतो. मुलासाठी ड्रोन जोडला, पण बॅटरी लावताच ठिणगी उडून एक ईएससी जळाला. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुकानात आपण सिरीज दिवा वापरतच असाल, तोच उपाय येथे आहे. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा बॅटरीच्या धन तारेत सिरीजमध्ये घालून पहिली जोडणी करावी. दिवा क्षणभर लुकलुकून विझला, तर ईएससीचे कपॅसिटर भरले गेले आणि जोडणी ठीक आहे. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा ध्रुव उलटे जोडले आहेत. पण प्रवाह दिव्याने रोखल्यामुळे काही जळणार नाही. पॉवर वाटप करणाऱ्या बोर्डावर सोल्डरचा एखादा थेंब दोन पट्ट्यांना जोडत आहे का, हे भिंगाखाली पाहावे. बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरच्या जाड पिनांना २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. ६० वॉटचे घ्यावे, नाहीतर ड्राय सोल्डर (कच्चा जोड) राहते आणि ते हवेत सुटते.

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा ड्रोनची बॅटरी रात्रभर आपल्या खोलीत चार्जिंगला लावून झोपतो. परवा त्यातील एक बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली. तो म्हणतो, चालते अजून. यात धोका आहे का? — एक पालक, अकोला

उत्तर : होय, धोका आहे आणि तो गंभीर आहे. फुगलेली बॅटरी आजपासून वापरू नये आणि चार्जही करू नये. लायपो सेलमध्ये ज्वलनशील द्रव असतो. अतिचार्ज, अति डिस्चार्ज, मार किंवा उष्णता यांमुळे आत वायू तयार होऊन सेल फुगतो, आणि आतील पापुद्रा फाटला तर तो काही सेकंदांत पेट घेऊ शकतो. मुलाला रागावण्यापेक्षा पुढील गोष्टी त्याच्या शेजारी बसून समजून घ्याव्यात. छंद चांगला आहे आणि नीट शिस्तीने तो पुढे चालू राहावा, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७ असते आणि पूर्ण भरल्यावर ते ४.२ होते, त्याच्या वर सेल कधीही जाऊ देऊ नये. त्यासाठी बॅलन्स चार्जरच हवा, जो पांढऱ्या लहान कनेक्टरमधून प्रत्येक सेल वेगळा मोजतो. साधा १२ व्होल्टचा अडॅप्टर किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचा चार्जर जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. चार्जरवर लायपो हाच प्रकार आणि सेलची बरोबर संख्या निवडली आहे ना, हे दर वेळी पाहावे. २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअरचा प्रवाह द्यावा. तासाभरात काम होते, म्हणजे रात्रभराचा प्रश्नच उरत नाही. चार्जिंग जागेपणी, कोणीतरी समोर असताना, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत, गादी-पडद्यांपासून दूर करावे आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर किंवा बंद मोटारीत बॅटरी ठेवू नये. उड्डाणानंतर ती पूर्ण थंड झाल्यावरच चार्जरला लावावी.

उडवताना सेल ३.५ व्होल्टवर आला की ड्रोन उतरवावा. त्यासाठी त्याच पांढऱ्या बॅलन्स कनेक्टरला लावायचा छोटा बझर मिळतो. तो स्वस्त आहे आणि अनेक बॅटऱ्या वाचवतो. आठवडाभर उडवायचे नसेल तर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवू नये. चार्जरच्या स्टोअरेज मोडने प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावा. फुगलेली बॅटरी मोकळ्या जागी, घरापासून दूर, १२ व्होल्टच्या दिव्याला जोडून पूर्ण रिकामी करावी, टोकांना चिकटपट्टी लावावी आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी. घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबला जातो तेव्हा अशा बॅटऱ्या पेटतात, आणि तेथे माणसे काम करत असतात.

प्रश्न : घरी बांधलेला एक किलोचा ड्रोन आमच्याच शेतावर उडवायला परवानगी लागते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : जमीन आपली असली तरी वरची हवाई हद्द आपली नसते, त्यामुळे शेत कोठे आहे यावर उत्तर अवलंबून आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्याहून जास्त, पण २ किलोपर्यंतचा मायक्रो गणला जातो. आपला ड्रोन मायक्रो आहे. तो व्यवसायासाठी वापरायचा नसेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्राची गरज नाही. तसेच शिक्षण, संशोधन किंवा करमणूक यांसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल ड्रोनला टाइप सर्टिफिकेटची (त्या प्रकारच्या ड्रोनला मान्यता असल्याच्या प्रमाणपत्राची) अट नाही. ड्रोनच्या नोंदणीचा आणि ओळख क्रमांकाचा नियम मात्र आहे. आपल्या प्रकाराला सध्या काय लागू होते हे उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

त्याच ठिकाणी देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत दाखवलेला आहे. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल विभागात केंद्र सरकारची परवानगी लागते. नाशिक परिसरात ओझरचा विमानतळ आहे आणि देवळालीसारखी लष्करी ठाणीही आहेत, म्हणून गावाच्या नावावरून अंदाज न बांधता शेताचा नेमका बिंदू नकाशावर लावून पाहावा. पुण्याच्या वाचकांनाही हेच लागू आहे, कारण लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. स्थानिक पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश याखेरीज असतात. मुंबईत तर ते वारंवार निघतात. नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : माझा भाऊ जर्मनीहून सुट्टीला येणार आहे. त्याने ड्रोनचा संपूर्ण सुटा संच आणला तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. ती जोडलेल्या ड्रोनइतकीच अर्धवट जोडलेल्या आणि पूर्ण सुट्या संचांनाही लागू आहे. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच. सुट्या भागांच्या आयातीवर मात्र बंदी नाही, त्यामुळे एखादा फ्लाइट कंट्रोलर किंवा मोटारी आणायला अडचण नाही. खरे तर एवढ्यासाठी भावाला त्रास देऊ नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत चौकशी केल्यास बरेचसे सामान हातात घेऊन, पारखून घेता येते. त्याने बॅटरी आणायचीच ठरवली तर ती चेक-इन सामानात ठेवता येत नाही, हातातील सामानातच ठेवावी लागते. ५००० एमएएचची तीन सेलची बॅटरी ५५.५ वॉट-तासांची असते, म्हणजे प्रवासासाठीच्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते.

प्रश्न : माझा ड्रोन हाताने उडवताना उत्तम चालतो, पण उंची स्थिर ठेवणारा मोड लावला की तो आपोआप वर वर जाऊ लागतो. बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर) बदलला, तरी तेच. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बॅरोमीटरला दोष देण्यापूर्वी कंपने मोजावीत. उंची ठरवताना फर्मवेअर बॅरोमीटरइतकेच ॲक्सिलरोमीटरवर विसंबते, आणि जोरदार कंपनांमुळे त्याचे आकडे एका बाजूला झुकले की ड्रोन खाली जात आहे असा कंट्रोलरचा समज होतो व तो मोटारींना अधिक वेग देतो. अर्डुपायलटच्या उड्डाण नोंदीत कंपनांचे तीन अक्षांवरील आकडे मिळतात; ते ३० मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा कमी असावेत, आणि ६० च्या वर गेले की अशी अडचण जवळजवळ अटळ असते.

आधी प्रोपेलरचा तोल पाहावा. प्रोपेलर गुळगुळीत सळईवर आडवा ठेवावा. जे पाते खाली येईल ते जड. समोरच्या हलक्या पात्याच्या वरच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावून, प्रोपेलर कोणत्याही स्थितीत सोडला तरी तिथेच थांबेल इतका तोल साधावा. काठ तडकलेला किंवा टवका उडालेला प्रोपेलर दुरुस्त करत बसू नये, तो बदलावा. मग मोटारींचे शाफ्ट वाकलेले नाहीत ना, भुजांचे स्क्रू ढिले नाहीत ना, हे पाहावे आणि फ्लाइट कंट्रोलरखाली मऊ फोमची दुहेरी चिकटपट्टी लावावी. बॉक्समधील तारा ताणून कंट्रोलरला टेकत असतील तर त्याही कंपने पोहोचवतात. त्यांना थोडी ढील द्यावी. यानंतर हाताने उडवण्याच्या मोडमध्येच दोन मिनिटांचे उड्डाण करून नोंद पुन्हा पाहावी, आणि तिन्ही आकडे ३० च्या खाली आल्यावरच उंची स्थिर ठेवणारा मोड लावावा. त्या वेळीही बोट मोड बदलण्याच्या स्विचवर असू द्यावे.